मामांना गाडी लागायची

मामांना गाडी लागायची. एसटी लागायची, रेल्वे लागायची, सायकलरिक्षा लागायची. एकदा टांग्यात बसून नागपुरातल्याच महाल भागात गेले, तर उतरल्यावर टांगेवाल्यानंच त्यांना झाडाखाली बसवून पाणी पाजलं. स्वतःची सायकल तेवढी चालायची. "हँडल आपल्या हाती असलं का पोट ऐकते," असं म्हणायचे. त्यामुळे पन्नाशी उलटली तरी मामांचं जग एका अंगाला रामटेक आणि दुसऱ्या अंगाला उमरेड एवढंच होतं, आणि तेही पायडल मारत पाहिलेलं.

याच माणसानं मला प्रवासाची फिल्म काढायला शिकवलं.

मामा आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत कामाला होते. प्राध्यापकांपासून पोरांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. अंगानं किडकिडीत, खाकी शर्टाच्या खिशात कायम एक छोटा पेचकस आणि बडीशेपेची पुडी. घर पाचपावलीत, विणकरांच्या वस्तीत. थोरला भाऊ उमरेडला अजून मागावर बसायचा. मामांना मात्र लहानपणापासून धोट्यापेक्षा घड्याळाचं वेड. कॉलेजातली कुठलीही वस्तू बिघडली, की ती मामांच्या टेबलावर यायची आणि दोन दिवसांनी चालत परत जायची.

कॅमेरा त्यांच्याकडे आला तोही बिघडलेलाच. गल्लीत भाड्यानं राहणारा एक इंजिनियर बदली होऊन गेला, तेव्हा स्प्रिंग अडकलेला आपला कॅमेरा मामांना देऊन गेला. आठ मिलिमीटरचा, चावीचा. घड्याळासारखी चावी द्यायची, खटका दाबायचा, की आत घरघर सुरू. एका रिळात चार मिनिटं मावायची. दोन मिनिटं झाली की सावलीत बसून रीळ उलटं घालायचं आणि उरलेली दोन काढायची. मग ते मुंबईला धुवायला पाठवायचं आणि तीन-तीन आठवडे पोस्टमनची वाट पाहायची. आजच्या पोरींना हे सांगितलं तर त्या माझ्याकडे दयेनं पाहतात. पण मला विचाराल तर त्या तीन आठवड्यांत मी जेवढं शिकले, तेवढं नंतर कधी शिकले नाही.

मी तेव्हा बी.एस्सी.ला होते. वनस्पतिशास्त्र. सहलीच्या फिल्मा काढायची हौस असलेली आम्ही चार-पाच जणं दर शनिवारी दुपारी मामांच्या घरी जमायचो. हळूहळू बाकीचे गळाले, कारण पहिले दोन महिने मामांनी कोणाच्या हाती कॅमेराच दिला नाही. त्याऐवजी प्रत्येकाला एकेक काड्यापेटी दिली, आतला खण काढून टाकलेली.

"यातून पाहाचं," मामा म्हणाले. "जे या चौकटीत बसन ते आपलं. बाकीचं लोकाईचं."

मी इतवारीत, सीताबर्डीवर, घरच्या गच्चीत, डोळ्याला काड्यापेटीचं टरफल लावून फिरायचे. आईनं एक दिवस वडिलांना हळूच सांगितलं, पोरीला नजर लागली वाटतं.

दुसरी गोष्ट संत्र्यांची. शॉट किती वेळ धरायचा, हे मामा सेकंदात सांगत नसत. "एक संत्रा, दोन संत्रे, तीन संत्रे" असं मनात मोजायचं, घाई न करता. पाच संत्र्यांहून कमी घेतला तर पाहणाऱ्याला कळत नाही, आठांहून जास्त घेतला तर तो जांभया देतो. हे मोजणं मामांच्या अंगात इतकं भिनलेलं होतं, की चहा बशीत ओतल्यावर ते ओठांनी पुटपुटायचे आणि पाच संत्र्यांनी पहिला घोट घ्यायचे.

मला पहिल्यांदा भरलेला कॅमेरा मिळाला तो मैत्रिणीच्या गावी जाताना. निर्मला माझ्याच वर्गातली, तिच्या वडिलांच्या नरखेडजवळ संत्र्याच्या बागा. मी काय काय काढलं! झाडं, फळांचे ढीग, विहीर, पंपाचं धो धो पाणी, सूर्यास्त. बाग मोठी, म्हणून कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरवला. मग काही राहून गेलंसं वाटलं, म्हणून उजवीकडून डावीकडे फिरवला.

रीळ धुऊन आलं. मामांनी भिंतीवर पडदा लावला. पडदा त्यांच्या भावानं मागावर खास विणून दिलेला, मधे शिवण नसलेला, पांढराशुभ्र. प्रोजेक्टर मामांनी भंगारातून उभा केलेला. खिडकीवर घोंगडी टाकली, मामी पदराला हात पुसत येऊन बसल्या, आणि माझी फिल्म सुरू झाली.

पहिलं मिनिट बरं गेलं. मग बाग आली. कॅमेरा डावीकडून उजवीकडे निघाला. मामांनी जमिनीवर हात टेकला. कॅमेरा उजवीकडून डावीकडे निघाला, आणि मामा ताडकन उठून मोरीकडे पळाले.

"काय झालं जी तुमाले?" मामी मागोमाग धावल्या.

आतून आवाज आले ते मी ऐकले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मामा तोंड पुसत बाहेर आले, बडीशेप तोंडात टाकली आणि शांतपणे म्हणाले, "कॅमेरा हाय तो. झाडू नोहे. आंगण झाडून राहिली होती का तू?"

तेव्हापासून मामांचं पोट हाच आमचा परीक्षक झाला. हललेली फिल्म डोळ्यांना आवडली तरी त्या पोटाला चालायची नाही. मी कॅमेरा कुंपणाला टेकवायला शिकले, झाडाच्या बुंध्याला पाठ लावायला शिकले, खटका दाबण्याआधी अर्धा श्वास सोडून थांबायला शिकले. चौथ्या रिळाला मामा शेवटपर्यंत बसून राहिले, तेव्हा मामींनी मला साखर दिली.

पण त्यांची खरी शिकवण वेगळीच होती. नरखेडच्या त्या फिल्मबद्दल ते नंतर म्हणाले, "बाग दिसली, विहीर दिसली. पण तू तिथं पोचली कशी? मंधातच उगवली का?"

"एसटीनं गेलो मामा."

"मंग ते काहून नाही दाखवलं? संत्रे मले बाजारातबी दिसते. धबधबा क्यालेंडरात दिसते. तू तिथवर गेली कशी ते मले कोण दाखवन?"

ज्याला कुठेच जाता येत नव्हतं, त्याला पोचण्यात फार रस नव्हता. त्याला जाणं पाहिजे होतं. एसटीच्या खिडकीचा गज, कंडक्टरचा चिमटा, फाट्यावर उतरल्यावर उडालेली धूळ, पायवाट, आणि मग कुठे बाग. मी पुढची फिल्म तशी काढली, तेव्हा मामा एसटीच्या खिडकीशी आल्यावर पुढे सरकून बसले. "वा," म्हणाले, "डाव्या हाताले वळली गाडी. पाहा, सावली फिरली." मी त्या एसटीत बसले होते, पण मला ते कळलं नव्हतं.

फिल्म कापणं आणि जोडणं मामांच्या ओसरीवर चालायचं. तारेवर कपड्यांच्या चिमट्यांनी फिल्मच्या पट्ट्या टांगलेल्या, त्यांच्या शेजारी मामींचं लुगडं वाळतंय. मामी जाता येता एखादी पट्टी उजेडात धरून पाहायच्या आणि मत द्यायच्या. "ह्या बाईचा पदर चांगला आला. हे नोका कापू." त्यांचं मामा ऐकायचे. माझं ऐकत नसत.

एकदा त्यांनी माझा सगळ्यात लाडका शॉट कापायला लावला. अंबाझरीच्या तलावावर उडणारा बगळा होता तो, असा आला होता की मी स्वतःच त्याच्यावर खूश होते. मामा म्हणाले, "लय सुंदर हाय. पण त्याचं इथं काय काम?"

"सुंदर आहे हेच त्याचं काम," मी म्हणाले.

"लग्नात नवरीपेक्षा करवली नटली, तं लोक कोणाले पाहाचे?"

मी ब्लेड खाली ठेवलं आणि निघून आले. दोन शनिवार मी गेले नाही. तिसऱ्या शनिवारी मामा सायकलवरून आमच्या दारात उभे. घामानं डबडबलेले. वडिलांना नमस्कार केला, चहाला नको म्हणाले आणि माझ्या हातात एक पाकीट दिलं. आत बगळा होता, मऊ कागदात गुंडाळलेला.

"हा तुहा," म्हणाले. "फेकाचा नाही. दुसऱ्या कोण्या फिल्मची नवरी असन तो." आणि सायकलवर टांग टाकून गेले. पुढच्या शनिवारी मी मुकाट पाचपावलीत हजर.

मामांना एकच मुलगी, कुसुम. तिचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, छिंदवाड्याला दिली होती, जावई तिथं शाळेत मास्तर. लग्न नागपुरातच झालं, त्यामुळे मामांचं काही अडलं नाही. पण नंतर कुसुमचं घर पाहायला मामी एकट्या जाऊन आल्या, दोनदा. मामा स्टेशनपर्यंत सायकलनं पोचवायला जायचे आणि छोट्या लाइनच्या गाडीचा धूर दिसेनासा झाला की परत यायचे. एकदा त्यांनीही जायचा प्रयत्न केला होता म्हणे. वाटेवरच्या पहिल्याच मोठ्या गावाच्या, सावनेरच्याही आधी उतरावं लागलं, आणि तिथून चालत परत आले. याबद्दल ते स्वतः कधी बोलले नाहीत. मामींनी सांगितलं.

शेवटच्या वर्षी हिवाळ्यात आमची वनस्पतिशास्त्राची सहल पचमढीला निघाली. नेचे आणि शेवाळं गोळा करायची, आणि कॉलेजच्या रिळावर त्यांची फिल्म काढायची, हे माझं काम. परतताना बस छिंदवाड्याला एक मुक्काम करणार होती. हे मामांना कुठून तरी कळलं. शनिवारी सगळं आवरून मी निघाले, तर मामा फाटकापर्यंत आले. एवढं ते कधी येत नसत. त्यांनी माझ्या हातात एक न उघडलेलं रीळ ठेवलं. रंगीत. माठाच्या थंडाव्याला किती दिवस जपून ठेवलेलं, कोण जाणे.

"कुसुमच्या घरी जाशीन का?" ते म्हणाले. त्यांनी आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. "तिचं तोंड नाही दाखवलं तरी चालन. ते मले पाठ हाय. रस्ता दाखव. स्टेशनापासून घरापावतर. म्या जाऊन राहिलो असा."

पचमढीत कॉलेजचं रीळ दुसऱ्याच दिवशी संपलं. तिसऱ्या दिवशी आम्ही धूपगडावर सूर्यास्ताला उभे. समोर असं आकाश, की पोरीच काय, आमच्या मॅडमही शेवाळांची वही मिटून पाहत राहिल्या. मग कोणीतरी म्हणालं, "तुझ्याकडे दुसरं रीळ आहे ना?" मॅडमही म्हणाल्या, "अगं, थोडंसं काढ. त्यात काय?" माझा हात पिशवीत गेलाही होता. खोटं कशाला बोलू. पण तो तसाच बाहेर काढला आणि म्हणाले, "ते माझं नाही, मॅडम." मुली परतीच्या वाटेवर माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

छिंदवाड्याला बस पोचली तेव्हा तीन वाजून गेले होते. मॅडमनी दिवस मावळायच्या आत परत यायला बजावलं. मी आणि निर्मला धावतच स्टेशनवर गेलो. मामींनी सांगितलेल्या खुणा धरत तिथून सुरुवात केली. फलाटाची पाटी. बाहेरचे टांगे. बाजाराचा उतार. डाळमिलचं धुराडं, तिथून डावीकडे. निर्मला माझ्या खांद्याला धरून मला खांबाला, भिंतीला टेकवायची आणि मोठ्यानं संत्रे मोजायची. लोक थांबून पाहत होते. एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "काय हरवलं वं पोरीहो तुमचं?"

हापशीजवळ पहिली दोन मिनिटं संपली. निर्मलाच्या शालीखाली डोकं घालून मी रीळ उलटं घातलं. एक चूक झाली असती तर उजेड लागून सगळं गेलं असतं. मग पुन्हा हापशी, कडुनिंब, अरुंद गल्ली, आणि शेवटी निळं दार. मी कॅमेरा समोरच्या ओट्यावर ठेवला, खटका दाबला. निर्मलानं कडी वाजवली.

दार उघडलं. पिठाचे हात वर धरून एक बाई उभी. हुबेहूब मामांचं नाक.

"कोण पाहिजे?"

"मामांनी पाठवलं," मी ओरडले. "पाचपावलीचे! तुम्ही बोला, कॅमेऱ्याकडे पाहू नका!"

ती कॅमेऱ्याकडेच पाहायला लागली. आधी हसली, मग पिठाच्याच हातांनी डोळे पुसले, आणि तोंड पांढरं झालं तशी पुन्हा हसली. चहा घेतल्याशिवाय सोडेना. घर दाखवलं, चूल दाखवली, मागचा पेरू दाखवला. मग ओसरीतला एक रिकामा कोपरा दाखवून म्हणाली, "इथं मी काहीच ठेवत नाही. हे म्हणते, धान्याची कोठी ठेव. मी म्हणते, नाही. बाबा आले तं सायकल कुठी ठेवतीन?"

रिळात शेवटचे आठ-दहा सेकंद उरले असतील. ते मी त्या रिकाम्या कोपऱ्यावर घालवले.

तीन आठवड्यांनी ती फिल्म मामांच्या पडद्यावर लागली. मामा खाली मांडी घालून बसले. मामींनी खबरदारी म्हणून त्यांच्याजवळ बादली ठेवली होती. स्टेशन गेलं, बाजार गेला, धुराडं गेलं. मामा हलले नाहीत. दार उघडलं, तेव्हा मामींनी तोंडाला पदर लावला. कोपरा आला. फिल्म संपली आणि पडदा नुसता पांढरा झाला.

"पुन्हा लाव," मामा म्हणाले.

पाच वेळा लावली. पाचव्या वेळी ते उठून पडद्याच्या अगदी जवळ उभे राहिले आणि विचारू लागले, बाजाराचा उतार मोठा हाय का, धुराड्यापासून हापशी किती पावलं, गल्लीत सायकल वळते का. मी उत्तरं देत गेले. बादलीची आठवण कोणालाच राहिली नव्हती.

सोमवारी मामांनी पंधरा दिवसांची रजा टाकली. मंगळवारी सायकलला तेलपाणी केलं. मी धावत पाचपावलीत गेले. नागपूर ते छिंदवाडा म्हणजे मधे सिल्लेवानीचा घाट, चढ असा की बसगाड्यासुद्धा कण्हतात.

"मामी, तुम्ही सांगा ना त्यांना."

"म्या काय सांगू?" मामी भाकरीचा डबा बांधत म्हणाल्या. "तूच दाखवला ना त्याईले रस्ता." मग माझा चेहरा पाहून त्यांनी माझ्या पाठीवर थाप दिली. "जाऊ दे वं. म्या बसनं पुढं जाऊन बसते तिथं."

बुधवारी पहाटे मामा निघाले. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. मी वर्गात बसायचे, पण डोळ्यांसमोर घाटातलं एकेक वळण आणि खाली पडलेली सायकल. त्या चार मिनिटांच्या फिल्मपायी माणूस गेला तर? शनिवारी मी पाचपावलीत जाऊन कुलूप पाहून आले. रविवारी जेवण गेलं नाही. वडील म्हणाले, तार करू का? पण पत्ता मला फक्त पायांनी माहीत होता, लिहून घेतलेला नव्हता.

बुधवारी कॉलेजच्या पत्त्यावर माझ्या नावानं एक पोस्टकार्ड आलं. कुसुमचं. अक्षर वाकडंतिकडं.

"ताईस नमस्कार. बाबा शुक्रवारी दुपारी आले. गावात कोणाले एक शब्द विचारला नाही, सरळ दारात. मी हात धुऊन राहिली होती म्हणून कडी काढाले उशीर झाला, तं म्हणते, फिल्ममंधी एवढा वेळ नोहता लागला. तब्येत चांगली हाय. घाटात एक रात्र फॉरेस्टवाल्याइनं झोपू दिलं. रोज चार पोळ्या जास्त खाऊन राहिले. आई म्हणते तुले सांग, काळजी नोको करू."

मी ते कार्ड घेऊन प्रयोगशाळेत गेले आणि मामांच्या रिकाम्या स्टुलावर बसून मोठ्यानं वाचलं. प्राध्यापकांसकट सगळ्यांनी ऐकलं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

रजा संपायच्या आदल्या दिवशी मामा परत आले, सायकलनंच. रंग दोन छटा काळा झालेला, गुडघ्याला खरचटलेलं, आणि चेहऱ्यावर असं तेज, की त्यांच्याशी बोलताना मलाच लाजल्यासारखं झालं. शनिवारी मी गेले. निर्मला आली, गळालेले पोट्टेही आले, गल्लीतली माणसं ओसरीत दाटीवाटीनं बसली. मी आधी तेच विचारलं जे मला इतके दिवस छळत होतं.

"मामा, कॅमेरा का नाही नेला?"

"नेला असता तं पोचलो असतो का म्या?" मामा म्हणाले. "दर धा पावलाईवर एक पाहासारखी जागा हाय तिथं. अजूनबी कोण्या झाडाले टेकून संत्रे मोजून राहिलो असतो."

सगळे हसले. मामी चहा घेऊन आल्या. मामांनी मांडी ठोकून बैठक जमवली, खिडकीबाहेर एकदा पाहिलं आणि सांगायला सुरुवात केली. घराचं फाटक कसं लावलं, चौकात कुत्रं कसं मागं लागलं, कोराडीच्या रस्त्याला ऊन उजव्या गालावरून डाव्या गालावर कधी आलं. वाटेतलं एकही झाड त्यांनी सोडलं नाही. मामी मधेच म्हणाल्या, "आटपा ना लवकर, घाटात या." मामांनी त्यांच्याकडे पाहिलंदेखील नाही.

दिवेलागणीला आम्ही उठलो, तेव्हा मामा जेमतेम सावनेरला पोचले होते.